ओर्सोलाची उजळणी

ओर्सोला झेन्नारोचा आवाज कसा आहे असं कुणी आमच्या पेलेस्त्रिना बेटावर विचारलं असतं, तर लोक विचारात पडले असते. बाई सगळ्यांच्या ओळखीची. चर्चमागच्या गल्लीत तिसरं दार, दारात खुर्ची, पुढ्यात लेस विणायची गोल उशी, आणि उशीवर लाकडी काड्यांची टकटक सकाळपासून चालू. पण बोलायची कमी, आणि बोलायची ती कुजबुजत. भाजीवालीशी घासाघीससुद्धा कुजबुजत करायची, त्यामुळे भाजीवालीलाच लाजल्यासारखं व्हायचं. सवय, दुसरं काय? मधली युद्धाची वर्षं सोडली तर तीस वर्षं ती आमच्या चर्चच्या नाटकमंडळीची प्रॉम्प्टर होती.

प्रॉम्प्टर म्हटलं की विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला एखादा शब्द पुरवणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर येईल. आमच्याकडे ते चालण्यासारखं नव्हतं, कारण नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याची वाक्यं, पाठ करायची पद्धतच नव्हती. दिवसभर जाळी ओढून आलेल्या माणसाने पाठांतर करायचं कधी? रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक चौकोनी भोक, प्रेक्षकांच्या बाजूने त्यावर लाकडी टोपण, आत खाली स्टूल. त्या पेटीत बसून ओर्सोला अख्खं नाटक वाचायची, प्रत्येक वाक्य नटाच्या अर्धा श्वास आधी. नट ते खालून उचलायचे आणि आपापल्या तऱ्हेने लोकांपुढे टाकायचे. त्यामुळे पहिल्या दोन रांगा कायम बाकीच्यांच्या आधी हसायच्या. मागे बसलेल्यांना वाटायचं, पुढची माणसं फार हुशार आहेत.

एका वर्षी ऐन प्रेमप्रसंगात तिच्या तोंडून निघून गेलं, "पाय गोठले बाई माझे." वर नायक गुडघ्यावर बसून नायिकेला म्हणाला, "पाय गोठले बाई माझे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती थंडी प्रेमाचीच असणार असं सगळ्यांनी धरून घेतलं.

चर्चच्या सभागृहात बाईने रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही आणि पुरुषाने झगा घालून बाई व्हायचं नाही, असा वरून आलेला नियम होता. पेटीत बसणारी बाई रंगमंचावर नसते, खाली असते, असा निवाडा जुन्या पाद्रीबुवांनी देऊन टाकला, म्हणून ओर्सोलाचं जमलं. पण बायकांशिवाय नाटक करायचं कोणतं? या अडचणीतून आमच्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वीचं एक प्रहसन शोधून काढलं, आणि दर चार वर्षांनी कार्निव्हलच्या रविवारी तेच केलं. त्यात बेर्गामोची एक मुलगी आपला न पाहिलेला नवरा कसा आहे ते बघायला कारकुनाच्या वेषात सासऱ्याच्या घरी येऊन राहते. तिन्ही अंक ती विजारीत. म्हणजे तुल्लिओ न्हाव्याने ती भूमिका केली तरी त्याला झगा घालावा लागत नाही, आणि बिशपमहाराजांनाही बोलायला जागा राहत नाही. आताचे पाद्री फादर इझिदोरो ते नाटक बघताना दर वेळी पोट धरून हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी प्रवचनात कपटाबद्दल बोलायचे.

नाटकाचा जीव मात्र ती मुलगी नव्हती. जीव होता त्या घरातला नोकर. या नव्या कारकुनाने आपली जागा पटकावू नये म्हणून तो मालकापुढे बढाया मारतो की मलाही लिहितावाचता येतं, आणि मग घरातली प्रत्येक चिठ्ठी भलत्याच्याच हातात नेऊन देतो. शेवटी मुलीचं पत्र त्याच्याकडे येतं, मालकाचा चष्मा सापडत नाही, मालक म्हणतो, "तूच वाच," आणि तो घाम पुसत, अक्षराला अक्षर लावत वाचतो. ही भूमिका आंजेलो बुसेत्तोची. आमच्या बेटावर आडनावं चारच, म्हणून माणूस टोपणनावाने ओळखला जायचा. आंजेलोला सगळे बोसेगा म्हणायचे. बोसेगा हा आमच्या खाडीतला जाड ओठांचा मासा, आणि ओठ बघितले की नाव कुणी ठेवलं ते विचारावं लागत नसे. एकटी ओर्सोला त्याला आंजेलो म्हणायची.

बोसेगा तो कागद हातात घेऊन असा काही घामाघूम व्हायचा की शेजारच्या चिओज्जाहून आलेले लोकसुद्धा म्हणायचे, काय बेमालूम करतो हा, जसं काही खरंच वाचता येत नाही.

खरंच येत नव्हतं.

हे बेटावर एकट्या ओर्सोलाला ठाऊक होतं. तिला ते पहिल्याच वर्षी कळलं. सभागृहाच्या दारावर पाटी लावली होती, आज तालीम नाही. बोसेगा पाटीपुढे उभा राहिला, वरपासून खालपर्यंत बघितली, समजल्यासारखी मान हलवली, आणि आत जाऊन तासभर तालमीची वाट बघत बसला. ती पाटी काढायला आलेल्या ओर्सोलाने त्याला अंधाऱ्या सभागृहात एकटा बसलेला पाहिला आणि ती म्हणाली, "मलाही विसर पडला बघ, आज तालीम नाहीये." तेव्हापासून तिने याबद्दल कुणापाशी तोंड उघडलं नाही.

न वाचता येणारे आमच्याकडे तेव्हा कमी नव्हते आणि त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. बोसेगाची गोष्ट वेगळी. मंडळीत घेताना जुन्या पाद्रीबुवांनी त्याला विचारलं, "वाचता येतं ना?" आणि नाटकाच्या ओढीने पोरगा हो म्हणून बसला. पाद्रीबुवांना मारलेली थाप, ती परत कशी घेणार? मग ती सांभाळत त्याचे केस पिकले. रविवारी खानावळीत तो वर्तमानपत्र उघडून बसायचा. वर्तमानपत्रात चित्रं असतात, त्यामुळे वरची बाजू कुठली ते कळतं. दोन पानं उलटायचा आणि म्हणायचा, "सगळे चोर आहेत." कोणत्याही दिवसाच्या वर्तमानपत्राला ते लागू पडायचं. लोक माना डोलवायचे.

मग आमच्या शाळेत पादोव्हाहून बेल्तरामे मास्तर आले. तरुण, उत्साही, नाटकवेडे. माणूस वाईट मुळीच नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत वाईट कुणीच नाही, आणि तरीही बोसेगाचा जीव टांगणीला लागला.

नाटक बसवायचं काम फादर इझिदोरोंनी मास्तरांवर सोपवलं. नोव्हेंबरात मास्तरांनी मंडळींना बोलावलं. "शहरात आता सगळीकडे पेट्या बंद होत आहेत," ते म्हणाले. "नट खाली बघत बोलतो, आणि पुढच्या रांगेला विनोद आधी ऐकू येतो. हे यंदा नाही. प्रत्येकाची नक्कल मी स्वतः उतरवून काढली आहे. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणापर्यंत ज्याची पाठ नसेल, त्याची भूमिका दुसऱ्याला द्यावी लागेल. पोस्टातल्या कारकुनाला मी विचारून ठेवलं आहे." मग ते ओर्सोलाकडे वळले. "सिओरा ओर्सोला, तुम्ही यंदा खुर्चीत बसून नाटक बघा. तीस वर्षांत तुम्हाला बुटांच्या तळव्यांशिवाय काय दिसलं?"

ते मनापासून बोलत होते. ओर्सोलाने मान हलवली. तिला काय वाटलं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिलाही स्वतःकडे बघायला वेळ नव्हता. ती बोसेगाकडे बघत होती.

मास्तर नकला वाटत होते. दोरीने बांधलेले गठ्ठे, वर नाव. नवखा माणूस, त्यामुळे त्यांनी आडनावं लिहिली होती. 'ए. बुसेत्तो' नावाचे दोन गठ्ठे होते, एक आंजेलोचा आणि एक आर्मान्दोचा. आर्मान्दो म्हाताऱ्या मालकाचं काम करायचा. गठ्ठे फिरत गेले. बोसेगाने आपला उघडला, दोनचार पानं चाळली आणि म्हणाला, "वा. अक्षर सुरेख आहे हो मास्तर."

"अहो, ही माझी नाही," पलीकडून आर्मान्दो ओरडला. "ही नोकराची आहे. माझी मालकाची कुठे गेली?" आणि बोसेगाच्या हातातल्या पानांवर डोकावून म्हणाला, "ही बघा. अरे बोसेगा, पान उघडून बसलायस आणि कळलं नाही तुला?"

बोसेगाने हातातली पानं मिटली. त्याची नजर सवयीने रंगमंचाच्या कडेला पेटीकडे गेली. पेटीत कुणीच नव्हतं. ओर्सोला भिंतीशी उभी होती.

"त्याला कसं कळणार?" ती म्हणाली. कुजबुजतच म्हणाली, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आलं. "नोकर काय बोलतो ते मालकाच्या नकलेतही असतंच की थोडंथोडं. पहिल्या पानावर दोघांचंच बोलणं आहे."

तसं ते होतंच. आर्मान्दोने गठ्ठे बदलून घेतले, मास्तरांनी टोपणनावं वहीत टिपून घेतली, आणि गोष्ट हसण्यावारी गेली. बोसेगा मात्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओर्सोलाच्या दारात आला. टोपी हातात. "पाठीत उसण भरली आहे," तो म्हणाला. "यंदा काही जमेलसं दिसत नाही. तू मास्तरांना सांगतेस का?"

ओर्सोलाला आधी राग आला. या माणसाची बायको वारली तेव्हाही त्याने नाटक सोडलं नव्हतं. तो नोकर झाला की बेटावरची निम्मी माणसं आपलं दुखणंखुपणं विसरायची. आणि आता चार कागदांना घाबरून हा ती भूमिका पोस्टातल्या कारकुनाला देऊन टाकणार. "तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, ये, बस, शिकवते," असं म्हणणं सोपं होतं. पण तीस वर्षं ज्याने हे लपवलं, तो हे ऐकून दारातून जो जाईल तो परत तोंड दाखवणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"मास्तरांना तुझं तू सांग," ती म्हणाली. "आधी माझं एक काम कर. पेटी गेली माझी. पुस्तक उघडायला आता कारण नाही. इतक्या वर्षांत डोक्यात बसलेलं सगळं उडून जाईल बघ. मला एकदा अख्खं नाटक तोंडपाठ म्हणून बघायचं आहे. पण डोळे माझे लेसवर, आणि हल्ली ते दुखतातही. कुणीतरी पुस्तक धरून समोर बसायला हवं. चुकले तर टोकायला."

बोसेगाने टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. "तुल्लिओला सांग ना."

"तुल्लिओची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला कळेल की ओर्सोलाची आठवण गेली. तू कुणाला सांगणार नाहीस."

गुपित ठेवायला बोसेगाइतका सरावलेला माणूस बेटावर दुसरा नव्हता. तो आत आला आणि बसला.

त्या हिवाळ्यात बोरा वारा आठवड्यात चार दिवस तरी सुटायचा आणि होड्या बांधलेल्या राहायच्या. बोसेगा नऊच्या सुमाराला यायचा. ओर्सोला त्याला जवाची कॉफी द्यायची, कधी आदल्या दिवशीचा, मक्याच्या पिठाचा भाजलेला पोलेंता, आणि मग काड्यांच्या टकटकीवर सुरू करायची. मालक, मुलगा, वेषांतर केलेली मुलगी, नोकर, सगळे आवाज एकाच कुजबुजीत. समोर बोसेगा पुस्तक धरून बसलेला, भुवया आवळून, बोट ओळीवर. पहिल्याच दिवशी ओर्सोलाच्या लक्षात आलं की पुस्तक उलटं आहे. नाटकाच्या पुस्तकात चित्रं नसतात. तिने मान लेसमध्ये घातली आणि चार टाके चुकवले.

"पान उलट रे," ती मधूनच म्हणायची, "माझं पुढचं यायला लागलं." तो घाईने पान उलटायचा.

"बरोबर चाललंय?"

"अगदी. ठीक चाललंय. म्हण पुढे."

दोन आठवडे तिने नुसतं म्हटलं. मग ती नोकराच्या वाक्यांपाशी अडायला लागली. म्हाताऱ्याचं वाक्य घडाघडा, आणि नोकराची पाळी आली की हात थांबायचे. "आता इथे काय आहे बरं? आठवेना."

बोसेगा पुस्तकात बघायचा, बोट सरकवायचा, आणि म्हणायचा, "इथे लिहिलंय... हं... 'मालक, चिठ्ठी मी वाचली, पण चिठ्ठी माझ्याशी नीट बोलली नाही.'"

"हां, तेच. म्हातारी झाले मी."

"असं काय म्हणतेस? एखादं राहतं. मी आहे ना."

जानेवारीत एकदा ती खरंच चुकली, एक वाक्य गाळलं. बोसेगाने पुस्तक खाली ठेवलं. "थांब. मधलं राहिलं. तो आधी टोपी मागतो, मग दार उघडतो." आणि तिने मान वर करून पाहिलं तर गडी इतका खूश होता की त्याला पुस्तक पुन्हा उचलायचंही भान राहिलं नव्हतं. त्या क्षणी ओर्सोलाला जे सुख झालं ते तिला आवरेना, म्हणून ती उठून कॉफीचं भांडं घासायला लागली, घासलेलं असताना.

तिला तो आवडत होता. लग्नाचा होता तेव्हा आवडायचा, विधुर झाला तेव्हाही आवडायचा, आणि यापुढे काही करायचं नाही हे तिने स्वतःशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ते सहा आठवडे ठरवलेल्यात बसत नव्हते, एवढंच.

तीन राजांच्या सणाला मास्तरांनी तालीम घेतली. बाकीचे ठेचकाळत होते, तुल्लिओने तर दुसऱ्या अंकातली प्रेमाची कबुली पहिल्याच अंकात देऊन टाकली. बोसेगा एकदाही थांबला नाही. "याला म्हणतात मेहनत," मास्तर सगळ्यांना म्हणाले. "बघा, या वयात." पाठीतली उसण कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. पेटीवर फळ्या ठोकल्या गेल्या.

कार्निव्हलच्या रविवारी दुपारी तीनला सभागृह खच्चून भरलं. बायकांनी तळलेल्या फ्रिट्टोलेचे, म्हणजे गोड भज्यांचे डबे मांडीवर घेतलेले, पोरं खिडक्यांवर चढलेली. ओर्सोला दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीत, काळा चांगला पोशाख घालून. लोकांच्यात बसून नाटक बघायचं म्हणजे हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

पडदा उघडायच्या आधी मास्तर तिच्याजवळ वाकले. "सिओरा, तुम्हाला एक गंमत सांगतो. तिसऱ्या अंकातलं पत्र फार लांबलं होतं. काल मी नवीन लिहिलं. छोटं, छान. पाठ करायचा प्रश्नच नाही, कागद बोसेगाच्या हातातच आहे. मी त्याला बजावलंय, जुनं विसर, जे लिहिलंय तेवढंच वाच, कारण पुढचा सगळा प्रवेश त्यावर बेतलाय."

आजवर त्या प्रवेशात कोरा कागद असायचा. कोऱ्या कागदावरून खालचा आवाज उचलत बोसेगा 'वाचायचा'. आता कागदावर अक्षरं होती, खाली आवाज नव्हता, आणि जुनं तोंडपाठ होतं त्यावर बंदी.

पहिले दोन अंक तिने पाहिले की नाही, देव जाणे. लोक हसत होते, खूप हसत होते. मध्यंतर झालं तशी ती उठली आणि रंगमंचाच्या बाजूच्या दाराशी गेली. दारात चर्चचा सेवक जुस्तो उभा होता.

"बायकांना आत नाही, सिओरा."

"जुस्तो, मी तीस वर्षं आत होते."

"आत नाही. खाली होता तुम्ही." जुस्तो नियमाचा पक्का. "काही निरोप आहे का? मी सांगतो."

काय निरोप देणार होती ती? जुस्तोला सांगायचं म्हणजे चौकात सांगायचं. ती परत खुर्चीत येऊन बसली.

तिसरा अंक. मालकाचा चष्मा हरवला. आर्मान्दो ओरडला, "तूच वाच. तुला येतं ना वाचता?" आणि बोसेगाने घडी उलगडली. तिथवर सगळं ठरल्यासारखं. त्याने कागद जवळ धरला, लांब धरला. लोक हसले. त्याने कपाळ पुसलं. लोक हसले. पण ओर्सोलाला दिसत होतं की त्याचे हात नोकराचे हात राहिलेले नाहीत. तो कागदाकडे बघत होता आणि कागद त्याच्याकडे. हसणं हळूहळू विरलं. कुणीतरी खोकलं. विंगेतून मास्तर ओठ हलवत खुणा करत होते, वाचा, वाचा. बोसेगाने एकदा पुढे ठोकलेल्या फळ्यांकडे पाहिलं. जुनं म्हण आंजेलो, ओर्सोला मनात म्हणत होती, म्हणून टाक जुनं, मरू दे तो प्रवेश.

बोसेगाने कागद खाली केला.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

नोकराच्या आवाजात नाही. त्याच्या स्वतःच्या.

सगळं सभागृह हसत सुटलं. तीन अंक बढाया मारणारा नोकर शेवटी कबूल झाला. लोक खुर्च्यांवर लोळत होते, फादर इझिदोरोंनी चष्मा काढून डोळे पुसले, आर्मान्दोला म्हाताऱ्याचं सोंग सावरेना. बोसेगा तसाच उभा होता, आणि ओर्सोला रडत होती.

हसू ओसरलं तरी पत्र वाचायचं राहिलंच होतं. त्याशिवाय नाटक पुढे सरकणार कसं? बोसेगा कडेपर्यंत आला, फळ्यांवर गुडघे टेकले, आणि कागद खाली प्रेक्षकांत धरला.

"ओर्सोला," तो म्हणाला, "तू वाच."

ती उठली. रंगमंच छातीइतका उंच. तिने हात वर करून कागद घेतला, त्याच्यापुढेच उभी राहिली आणि लोकांकडे तोंड केलं. आणि त्या बाईने वाचलं, कुजबुजत नाही, मोकळ्या आवाजात. भरदार, थोडा घोगरा आवाज होता तो. खिडक्यांवरच्या पोरांपर्यंत तो पोचत होता.

"'महाराज, ज्याला तुम्ही कारकून समजता तो कारकून नाही. मी स्त्री आहे. इतके दिवस मी तुमच्याच घरात होते. तुम्ही मला ओळखलं नाहीत, यात तुमचा दोष नाही; मी ओळखू दिलं नाही. जवळून बघायचं होतं मला. बघितलं. आता हवं तर घालवून द्या.'"

दर चार वर्षांनी तुल्लिओ न्हाव्याच्या मिशा काढून ही मुलगी आमच्यापुढे उभी राहायची. ती खरोखरची मुलगी आहे हे त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा जाणवलं. विंगेत तुल्लिओच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, पण तुल्लिओच्या डोळ्यांना पाणी यायला फारसं कारण लागत नाही. कुणीही हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या.

पडदा पडल्यावर मास्तर धावत आले. "सिओरा, तुम्ही दोघांनी हे आधी ठरवलं आणि मला पत्ता लागू दिला नाही! चिओज्जाच्या प्रयोगातही हे असंच ठेवायचं." फादर इझिदोरोंना जुस्तोने विचारलं की बाईने नाटकात बोललेलं चालतं का. फादर म्हणाले, "ती जमिनीवर उभी होती. आणि मला एक फ्रिट्टोला दे."

बाहेर अजून उजेड होता. समुद्राला अडवणाऱ्या भिंतीकडून गार वारा येत होता. बोसेगा टोपी हातात घेऊन ओर्सोलाबरोबर गल्लीत चालत राहिला. येणारेजाणारे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "मला वाचता येत नाही! काय बोललास रे!" तो मान हलवत होता.

दारापाशी आल्यावर तो म्हणाला, "सगळे हसले."

"नोकराला हसले."

"तू नाही हसलीस."

"तुला दिसलं तिथून?"

"वरून सगळं दिसतं. तू कायम खाली, तुला काय ठाऊक?" तो जरा थांबला. "कधीपासून कळलंय तुला?"

"पहिल्या वर्षापासून. तू पाटी वाचून आत जाऊन बसलास तेव्हापासून."

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे ती उजळणी. तुझे डोळे..."

"डोळे ठणठणीत आहेत माझे."

"आणि पुस्तक मी..."

"उलटं धरायचास. बहुतेक रोज."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतास?"

बोसेगाने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर त्याला जड नव्हतं, तीस वर्षांचा सराव होता. पण तो खरोखर विचार करत उभा राहिला.

"नसतो आलो," तो म्हणाला. मग टोपी डोक्यावर घालून जायला निघाला, आणि दोन पावलांवर वळला. "उद्या नऊला येतो. पुस्तकाची वरची बाजू कुठली, तिथपासून सुरुवात कर."